वापरलेली मोठी अ‍ॅक्रिलिक टाकी बघायला निघण्याआधी

बंद झालेल्या हॉटेलच्या लॉबीतली किंवा परगावी बदली झालेल्या कुणाच्या हॉलमधली मासे पाळायची सहा फुटी अ‍ॅक्रिलिक (काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची) टाकी विकायला निघाली, की तिचा भाव ठरतो चकाकीवर. ओरखडे दिसले की घेणारा नाक मुरडतो आणि टाकी लख्ख असली की लगेच पैसे काढतो. माझं सांगणं नेमकं उलट आहे. ओरखड्यांना घाबरू नका, पैसे बाजूंच्या जोडांचे मोजा. ओरखडा घासून काढता येतो, पण जोड गेलेली टाकी कितीही चकचकीत असली तरी पाण्याच्या कामाची राहत नाही.

पहिलं काम फोनवरच करायचं. टाकी अजून भरलेली असेल तर ती रिकामी करण्याआधी बघू द्या, अशी विनंती करा. भरलेल्या टाकीत जे दिसतं ते कोरड्या टाकीत दिसत नाही. रिकामी असेल तर किती दिवस कोरडी आहे, कुणी बनवली, गोड्या पाण्याची होती की समुद्री, हे विचारा. माशांच्या औषधासाठी तांब्याचं द्रावण घातलं होतं का, तेही विचारा, कारण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तांबं सोसत नाही. आणि टाकी कशाने पुसत होते? हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे, स्पिरिट, थिनर यांनी अ‍ॅक्रिलिकच्या अंगात बारीक भेगा पडतात. कोविडच्या वर्षांत ऑफिसांत दिसेल तिथे सॅनिटायझर फिरवला जायचा. त्यातही अल्कोहोलच असतं, म्हणून ऑफिसातल्या टाकीबद्दल हे खोदून विचारा.

पिशवीत मेजपट्टी, जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, चांगला टॉर्च, एक सरळ लांब पट्टी, मऊ सुती फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा. पोलराइज्ड गॉगल आणि लॅपटॉप असेल तर तोही घ्या. कशाला ते पुढे येईलच.

निघण्याआधी घरीच आकडेमोड करा. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच म्हणजे २४ घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण ६८० लिटर, म्हणजेच ६८० किलो पाणी. हे बाहेरचं माप झालं; जाडी वजा केली आणि पाणी काठोकाठ भरत नाहीत हे धरलं, तर खरा आकडा कमी येतो. भाव लिटरवर सांगितला जात असेल तर आतलं मापच धरा. एवढ्या पाण्याचा नुसत्या पुढच्या पत्र्यावरचा (अ‍ॅक्रिलिकच्या शीटवरचा) दाब सव्वातीनशे किलोच्या वर जातो आणि तळाच्या जोडावर तो सर्वांत जास्त असतो. या उंचीला वरून पट्टीचा आधार असलेल्या टाकीत १२ मिलिमीटर जाडी मी किमान मानतो. अडीच फुटी उंचीला १८-१९ मिलिमीटर हवी. ‘चांगली जाड आहे’ या उत्तरावर थांबू नका, काठाला कॅलिपर लावा.

आता जोड. काचेची टाकी सिलिकॉनने चिकटवतात. अ‍ॅक्रिलिकचे पत्रे मात्र सॉल्व्हंटने एकमेकांत विरघळवून जोडलेले असतात. चांगला जोड आरपार स्वच्छ दिसतो. विखुरलेले दोनचार बुडबुडे चालतात. बुडबुड्यांची सलग रांग किंवा पांढरट चंदेरी पट्टा दिसला, तर तिथे सॉल्व्हंट पोहोचलेलं नाही. आतल्या कोपऱ्यात सिलिकॉन फासलेलं दिसलं तर समजा की टाकी कधीतरी गळली होती. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, ती दुरुस्ती टिकणारी नव्हे. फडकं ओलं करून प्रत्येक जोड पुसा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. ओरखडा पृष्ठभागावर असतो, त्यात नख अडकतं. अंगातली भेग नखाला लागत नाही. एका कोनातून चमकते, डोकं हलवलं की नाहीशी होते. अशा भेगांचं जाळं जोडापासून किंवा पाइपासाठी पाडलेल्या भोकापासून निघालेलं असेल, तर सौदा तिथेच सोडावा असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉप इथे कामी येतो. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश ध्रुवित असतो. स्क्रीन पूर्ण पांढरी करून टाकीच्या कोपऱ्यामागे धरा आणि समोरून पोलराइज्ड गॉगलमधून बघा, चष्मा थोडा फिरवत. अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण अडकलेला असेल तिथे इंद्रधनुषी पट्टे दिसतात. उष्णतेने वाकवलेल्या गोल कोपऱ्यात थोडे पट्टे येणारच. पण सरळ जोडाजवळ किंवा भोकाभोवती ते दाटीने दिसले, तर पुढच्या भेगा तिथूनच निघण्याची शक्यता आहे.

वरच्या काठाची आडवी पट्टी दुर्लक्षित राहते, आणि टाकी फुगण्यापासून रोखणारी तीच. तिच्या खाचांचे आतले कोपरे बघा, तडा बहुधा तिथे सुरू होतो. मग पिशवीतली लांब पट्टी पुढच्या पत्र्याला आडवी लावा. भरलेल्या अ‍ॅक्रिलिक टाकीला थोडा फुगवटा येतोच. रिकाम्या टाकीतही तो कायम असेल, तर पत्रा पातळ होता आणि वर्षानुवर्षं ताण सोसून ताणला गेला आहे.

टाकी कशावर ठेवली होती तेही बघा. अ‍ॅक्रिलिकला तळाखाली सलग सपाट आधार लागतो. लोखंडी फ्रेमच्या नुसत्या कडांवर उभी असेल, तर तळ मधून खचलेला असू शकतो. खाली वाकून टॉर्च मारा.

ओरखड्यांबद्दल थोडक्यात. कोरड्या टाकीत आतले ओरखडे भयंकर दिसतात, पण बाटलीतलं पाणी त्यावर ओता आणि बघा, बरेचसे पुसट होतात. पाणी भरल्यावर तसेच दिसणार. बाहेरचे ओरखडे टाकी भरलेली असतानाही ८०० नंबरपासून २००० आणि त्यापुढच्या पाणपेपरने घासून, पॉलिश लावून निघतात. काम कंटाळवाणं आहे, म्हणून मजुरी भावातून वजा करा.

पाणी भरून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. खाली कोरडा कागद अंथरून आधी निम्मी, मग पूर्ण भरायची आणि निदान दोन दिवस तशीच ठेवायची. विकणारा नाही म्हणत असेल तर टाकीची पारख झालेली नाही असं धरून भाव बोला.

भाव काढताना त्याच मापाच्या नव्या काचेच्या टाकीचं कोटेशन हातात ठेवा. मुंबईकरांना कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात ते मिळेल, इतरांना गावातल्या टाकी बनवणाऱ्याकडे. निर्दोष जोडांच्या टाकीलाही मी त्या आकड्याच्या वर जात नाही. पॉलिश, टेम्पो, हमाल, नवीन स्टँड हे सगळं त्यातून कमी करायचं. पंप, फिल्टर, दिवे वेगळे मोजा, आणि चालू करून बघितलेलेच मोजा. समुद्री टाकीचा चालू चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात खरोखर मोलाचा आहे.

टाकीबरोबर मासे देत असतील तर सावध राहा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, ते घेऊच नका. आशियाई अरोवाना असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरची कागदपत्रं मागा.

आता घरचा स्लॅब. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यानुसार घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात. ही टाकी स्टँडसकट तेवढ्याच जागेवर त्याच्या तिप्पट-चौपट भार टाकते. खोलीचा बाकीचा भाग मोकळा असतो म्हणून लगेच काही होत नाही, पण जागा बीमलगत निवडा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवा. स्टँडवर मरीन प्लाय आणि त्यावर फोमचा थर घाला.

नेण्याच्या दिवसासाठी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा. १२ मिलिमीटरची रिकामी टाकी साधारण ६५ किलो भरते, तेवढ्याच जाडीच्या काचेच्या जवळपास निम्मी. चार माणसांनी तळाखाली हात घालून उचलायची, वरच्या पट्टीला धरून कधीच नाही. टेम्पोत खाली गादी, बाजूला गोधड्या, आणि दोरी थेट काठावर आवळायची नाही. घरी आल्यावर जागेवर चढवण्याआधी खाली पार्किंगमध्ये सपाट प्लायवर पुन्हा एकदा भरून बघा, कारण वाटेतल्या धक्क्याने उघडलेला जोड तिथेच कळलेला बरा.