जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि घरातला चढा व्होल्टेज

अँप्लिफायरवर २२० लिहिलंय आणि सॉकेटला २४० येतात, तर आतलं सगळंच नऊ टक्के चढतं. ६.३ व्होल्टचं फिलामेंट (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ६.९ च्या घरात जातं आणि ४०० चा डीसी ४३५ वर. हा डीसी गुळगुळीत करणारे ४५० व्होल्टचे जुने फिल्टर कपॅसिटर मग अगदी काठावर येतात.

आधी फिलामेंट मोजा. ईएल३४ किंवा ६एल६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटवर पिन २ आणि ७, मीटर एसीवर. पिन २ ला चिकटून असलेली पिन ३ म्हणजे प्लेट, तिथे ४०० च्या वर असतात. प्रोब घसरू देऊ नका. ६.६ पर्यंत निर्धास्त राहा.

जास्त असेल तर २३० ला १८ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचे १८ व्होल्ट मेन्समधून वजा करायचे. दीडशे वॉट खेचणाऱ्या अँपला एवढा भरपूर.

१. प्रायमरी (२३० ची बाजू) मेन्सच्या फेज-न्यूट्रलवर जोडा.
२. सेकंडरी (१८ ची बाजू) फेजच्या वायरीत सिरीजमध्ये, तिच्या पुढे अँपचं सॉकेट.
३. अँप न लावता सॉकेट मोजा. २२० च्या आसपास हवेत. २६० दिसले तर फक्त सेकंडरीच्या दोन वायरी उलटवा.
४. बायस (आउटपुट व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणारं व्होल्टेज) पुन्हा लावा. हे हमखास राहून जातं.

फ्यूज सगळ्यात आधी, फेजवर. अर्थिंग थेट अँपपर्यंत न्या आणि सगळं बंद डब्यात बसवा. डिमरने व्होल्टेज उतरवायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या तुटक वेव्हने अँपचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.