किमान वेतन वाढल्यावर हॉटेलचा हिशेब कसा मांडावा

महाराष्ट्रात किमान वेतनाचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. भत्ता महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला असल्याने १ जानेवारी आणि १ जुलैला त्याचे नवे दर लागू होतात. आपले हॉटेल कोणत्या परिमंडळात, म्हणजे वेतनदरासाठी ठरवलेल्या विभागात, येते आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल यांपैकी कोण कशात मोडतो, हे आधी ठरवावे. तंदूरवर उभा राहणारा आणि भांडी घासणारा यांना एकाच दराने मोजणे ही नेहमीची चलाखी आहे आणि तपासणीत ती हमखास उघडी पडते.

पुढे वाढीचा खरा बोजा काढावा. समजा, २० कामगारांना दरमहा ४०० रुपयांची वाढ मिळाली, तर माणशी भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे ४८ रुपये, आणि कामगार राज्य विम्याचे (ईएसआय) ३.२५ टक्के, म्हणजे १३ रुपये, मालकाने धरावेत. एकूण ९,२२० रुपये होतात. रोज ३०० थाळ्या खपत असतील, तर हा खर्च थाळीमागे जेमतेम एक रुपया पडतो. त्यासाठी दोन पोरे कमी करून उरलेल्यांना बारा-बारा तास राबवणे अखेर महागच पडते, कारण जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो.

कामगारानेही वेतनचिठ्ठीत भत्ता बदलला का, हे पाहावे. गिऱ्हाइकाने ठेवलेली टिप वेतनात धरू देऊ नये.