फौजेतून कारखान्यात येताय? शेवटच्या वर्षातल्या या चुका टाळा

नौदलातून सुटल्यावर पहिला बायोडाटा मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत दिला. १५ वर्षं इंजिनरूममध्ये काढलेली, त्यामुळे कामाच्या रकान्यात ऐटीत लिहिलं होतं, 'वॉचकीपिंग'. समोरच्या मुलाने कागद वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, वॉचमनची भरती आम्ही करत नाही, गेटवरचा कॉन्ट्रॅक्टर करतो. त्यांचा नंबर देऊ का?"

घरी येईपर्यंत त्या पोराला शिव्या घालत होतो. नंतर कळलं की चूक माझीच होती. जहाजावर वॉच म्हणजे यंत्रांवरची पाळी, हे त्याला कोण सांगणार होतं?

महाड-पोलादपूरपासून सावंतवाडीपर्यंत वाडीगणिक एक तरी फौजी सापडतो. गणपतीत आरती आटोपली की सुट्टीवर आलेली पोरं माझ्या पडवीत फाइल उघडून बसतात. त्या फायलींमध्ये दर वर्षी तेच तेच दिसतं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

अमेरिकेचा नियम इथे शोधणे

सध्या मोबाइलवर स्किलब्रिजचे व्हिडिओ फिरतात. या योजनेत अमेरिकेच्या सैन्यातला माणूस सेवेच्या शेवटी जास्तीत जास्त १८० दिवस एखाद्या नागरी कंपनीत प्रत्यक्ष काम शिकतो आणि पगार सैन्याकडूनच चालू राहतो. त्यासाठी त्याच्या कमांडरची परवानगी लागते. पोरं विचारतात, "अण्णा, आपल्याकडे याचा फॉर्म कुठे मिळतो?"

त्या नावाचा फॉर्म आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर. त्यांचे रिसेटलमेंट कोर्स २४ आठवड्यांपर्यंतचे असतात. जवानाला फी पडत नाही, अधिकाऱ्याला ४० टक्के भरावी लागते. अर्ज युनिटमार्फत जातो. फरक इतकाच की हे कोर्स बहुतेक संस्थेत, वर्गात बसून होतात. कारखान्याची जमीन पायाखाली येत नाही, ती सोय तुम्हाला स्वतः करायची असते.

ती करताना एक पथ्य पाळा. सुट्टीत मेव्हण्याच्या कंपनीत पगारावर चार महिने काढू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. अंगावर वर्दी असताना परवानगीशिवाय दुसरी नोकरी चालत नाही. उभं राहून बघायला मात्र कुणी हरकत घेत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुट्टी मिळाली तर मिरकरवाड्याला नाहीतर हर्णैला जा. बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात आणि मेकॅनिकला हाताशी माणूस हवाच असतो. मी बर्फाच्या कारखान्यात असाच आठवडाभर बसायचो. अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की तिथला म्हातारा ऑपरेटर चहाचा कप खाली ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता तेलाच्या काचेकडे बघायचा. पुढे मुलाखतीत रेफ्रिजरेशनचा प्रश्न आला तेव्हा कोर्सची वही नाही, तो म्हातारा आठवला.

गाव जवळ म्हणून कोर्स निवडणे

"पुण्यातला घेतला, शनिवारी घरी येता येतं." हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. दुसरं कारण म्हणजे क्लार्कने जो भरला तो. आयुष्यभर जनरेटर सांभाळलेला माणूस सिक्युरिटीचा कोर्स करून येतो आणि वर विचारतो की टेक्निकल काम का मिळत नाही.

आधी नोकरीच्या जाहिराती वाचा, मग कोर्स ठरवा. जयगड, दाभोळचा वीज प्रकल्प, लोटे, रत्नागिरी, वर उरणपर्यंत काय मागतात ते बघा. विजेचं काम करायचं तर मुंबई-पुणंच गाठलं पाहिजे, हेही आता खरं नाही. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला. त्या तारा आणि सबस्टेशनं सांभाळायला माणसं लागतातच, कधी रेल्वेची, कधी कंत्राटदाराची.

बायोडाटा फौजेच्या भाषेत लिहिणे

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबतो. आपली पदं बाहेर भलतीच वाचली जातात. 'नाईक' लिहिलं की कोकणात तर आडनावच समजतात. 'हवालदार' म्हटलं की पोलीस. 'ईएमई' म्हणजे फौजेचं यंत्रदुरुस्तीचं दल, पण या अक्षरांवर एचआरवाला क्षणभरही थांबत नाही.

गुहागरकडचा एक हवालदार गेल्या वर्षी आला होता. त्याने लिहिलं होतं: 'युनिटमध्ये एमटीची जबाबदारी, शिस्तप्रिय, मेहनती.' एमटी म्हणजे युनिटच्या गाड्या. मी म्हटलं, "गाड्या किती होत्या?"

"चाळीस-एक."

"सकाळी उठून काय करायचास?"

मग तो बोलायला लागला. कुठल्या गाडीची सर्व्हिसिंग कधी, त्याचं रजिस्टर तोच ठेवायचा. स्पेअर्सची मागणी तोच लिहायचा. हाताखाली सहा मेकॅनिक. डोंगरात गाडी बंद पडली की रिकव्हरीला जाणारा तोच. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. आम्ही लिहिलं: '४० जड व हलक्या डिझेल वाहनांचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स वेळापत्रक, ६ मेकॅनिकची टीम, स्पेअर्सचा साठा व मागणी, जागेवर जाऊन ब्रेकडाऊन दुरुस्ती.' शिस्तप्रिय हा शब्द काढला. तो फौजीकडून गृहीतच धरतात, जागा कशाला अडवायची?

माझं वॉचकीपिंगही असंच सुटं केलं: 'चार तासांच्या पाळीत डिझेल जनरेटर, समुद्राच्या पाण्याचे कूलिंग पंप आणि एअर कॉम्प्रेसर चालवणं, दर तासाला तापमान-दाबाच्या नोंदी, बिघाड दिसताच यंत्र बदलून चालू ठेवणं.' कारखान्यात याला शिफ्ट ऑपरेशन म्हणतात.

उलट टोकालाही जाऊ नका. एकाने बायोडाटात रडारचं मॉडेल, तैनातीची जागा आणि जहाजावरचा फोटो टाकला होता. तो तिथल्या तिथे फाडायला लावला. यंत्राचा प्रकार सांगा आणि आपलं काम सांगा. सामरिक तपशील कागदावर येता कामा नये. गोपनीयतेचा कायदा सुटल्यावरही सुटत नाही.

प्रमाणपत्रांचा घोळ

दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्याला पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. ते सरकारी गट क पदांच्या भरतीत उपयोगी पडतं. खासगी कंपनीत ते 'बी.ए.' म्हणून पुढे केलं की मुलाखत तिथेच फिसकटते. राज्य सरकारच्या गट क आणि ड पदांच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. सरकारी रस्ता हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी सुटल्यासुटल्या करा.

कारखान्यात पदवीपेक्षा परवाना आधी विचारतात. वाफेच्या जहाजावर वर्षानुवर्षं बॉयलर सांभाळला असेल, तरी कारखान्यातल्या बॉयलरवर कायद्याने बॉयलर अटेंडंटचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. विजेच्या कामाला वायरमन किंवा सुपरवायझरचा परवाना लागतो. या परीक्षांना अनुभवाचा दाखला जोडावा लागतो आणि तो युनिटमधून निघण्याआधी हातात घेतलेला बरा. सुटल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहिण्यात किती महिने जातात, ते मला विचारा.

मर्चंट नेव्हीकडे वळणाऱ्यांना एकच सांगतो. एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना आहे का ते आधी तपासा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला मुभाच नाही. "तीन लाख द्या, पुढच्या महिन्यात जहाज" असं म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका. त्याच्या नादाने आंब्याची कलमं गहाण पडलेली मी पाहिली आहेत.

अग्निवीरांनो, तुमचं गणित वेगळं आहे

चार वर्षं, मग जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी एकरकमी मिळतो, पण पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. तेव्हा थोरल्या भावाने केलं तसं 'सुटल्यावर बघू' तुम्हाला परवडणारं नाही. दहावीवर भरती झाला असाल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची सोय आहे. इग्नूच्या पदवीत फौजेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरतात. हे दोन्ही अर्ज सेवेत असतानाच भरायचे. शेवटच्या वर्षी भरतो म्हणाल तर राहून जाईल. आणि सेवा निधीतून आधी गाडी घेऊ नका, एवढं तरी ऐका.

पेन्शन सांगून पगार कमी करून घेणे

पेन्शनवाल्यांची ही खास चूक. तुम्ही सहज बोलून जाता आणि समोरचा लगेच म्हणतो, "मग तुम्हाला तर पेन्शन आहेच, इतक्यात जमेल ना?" पेन्शन तुमच्या मागच्या कामाची आहे, हा पगार पुढच्या कामाचा. त्याच हुद्द्यावरच्या दुसऱ्या माणसाला काय देता, एवढंच विचारा.

गुहागरच्या हवालदाराला रत्नागिरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीने बोलावलं तेव्हा नेमका हाच प्रश्न आला. त्याने ठरल्याप्रमाणे तोच उलट प्रश्न केला. समोरचा मॅनेजर सव्वीस-सत्तावीसचा असेल. तो थोडा गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, आधी गॅरेजमध्ये चला. एक गाडी उभी आहे, तीन दिवस झाले कुणाला दोष सापडत नाहीये."

इंजेक्टरच्या रिटर्न लाइनमधून हवा जात होती. रात्री मला फोन आला तेव्हा मुलाखतीचं तो काहीच बोलला नाही, वीस मिनिटं नुसता त्या पाइपबद्दलच सांगत होता.