सिझरनंतर अंगावर पाजण्याची तयारी: सुरुवात ऑपरेशनच्या आधीच करा

सिझर झाले की दूध येत नाही, असे अजूनही घरोघरी ऐकू येते. ते खरे नाही. वार (प्लासेंटा) सुटली की शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दूध तयार होऊ लागते. मग वार आपोआप पडलेली असो की डॉक्टरांनी काढलेली. खरी अडचण वेगळी आहे. आई रिकव्हरीत, बाळ दुसऱ्या खोलीत आणि तेवढ्यात कुणीतरी पावडरचे दूध पाजते. हे मधले तास जितके कमी कराल तितके पुढचे सोपे होते. म्हणून तयारी चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यातच सुरू करा.

आधी डॉक्टरांशी बोला. भूल कमरेतून देणार असतील तर तुम्ही जाग्या असाल. मग बाळाला टेबलावरच छातीवर आडवे ठेवता येईल का, हे विचारा. ईसीजीच्या चिकट पट्ट्या छातीच्या मधोमध न लावता खांद्याकडे लावाव्यात आणि सलाईनची सुई कोपराच्या किंवा मनगटाच्या वळणावर नसावी, हेही सांगून ठेवा. बारीक गोष्टी वाटतात, पण बाळाला धरताना त्याच आड येतात. ठरलेले फाइलमध्ये लिहून घ्या, कारण ऑपरेशनच्या दिवशी ड्यूटीवर दुसरेच कुणी असू शकते.

स्तनाग्रे सपाट किंवा आत ओढलेली असतील तर याच भेटीत तपासून घ्या. गरोदरपणी ती ओढत बसू नका. बाळंतपणानंतर 10 किंवा 20 मिलीच्या नव्या सिरिंजचा उपाय होतो: सुई लावायचे टोक कापायचे, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनावर टेकवून दट्ट्या हलकेच ओढायचा. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट पुरते. दुखू लागले तर लगेच सोडा. पहिल्यांदा नर्सकडून करून घ्या.

पिशवीत पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, दोन-तीन घट्ट उशा, नळीची पाण्याची बाटली आणि स्टीलची वाटी-चमचा ठेवा. दुधाची बाटली ठेवू नका.

सर्वांत महत्त्वाची तयारी सोबतीच्या माणसाची. नवरा, आई, सासूबाई, जे कोणी रात्री थांबणार असेल त्यांना दोन गोष्टी आधीच पटवा: मध, साखरपाणी, गुटी काहीही चाटवायचे नाही आणि बाळ तुमच्यापर्यंत आणायचे काम त्यांचे. मधातून बाळाला बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षाच्या आत मध नकोच.

ऑपरेशननंतर शक्यतो पहिल्या तासातच बाळाला छातीला लावा. हात थरथरत असतील, गुंगी असेल, म्हणून जागे माणूस बाळाला धरून शेजारी हवेच. पूर्ण भूल दिली असेल तर नीट शुद्धीवर येऊन बोलू लागल्यावर पाजा. भुलेचे औषध उतरावे म्हणून चीक (पहिल्या दिवसांतले घट्ट दूध) काढून टाकायची गरज नसते.

टाक्यांवर वजन येणार नाही अशा दोन पद्धती आहेत. पहिली कुशीवर झोपून: पाठीमागे एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, पोटावर दुमडलेला टॉवेल, म्हणजे बाळाची लाथ टाक्यांवर बसत नाही. दुसरी बगलेतली: पलंगाची पाठ उचलून बसा, बाजूला उशी ठेवा, बाळाचे पाय तुमच्या बगलेखालून पाठीकडे जाऊ द्या आणि मान तळहातावर घ्या. मांडीवर आडवे घेणे नंतर, टाके सहन करतील तेव्हा.

दोन्हींत नियम एकच. बाळाने मोठा आ केल्याशिवाय लावायचे नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून कमी आणि वरून जास्त दिसणारा. नुसते बोंड तोंडात गेले तर चिरा पडतात आणि दूधही निघत नाही. दुखत राहिले तर करंगळी ओठांच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा, पुन्हा लावा.

पहिल्या दिवशी एका वेळेला 2 ते 10 मिली चीक निघतो आणि निरोगी, वेळेवर जन्मलेल्या बाळाला तो पुरतो. “काही येतच नाही” म्हणून पावडर आणली जाते ती इथेच. सिझरनंतर पान्हा चौथ्या-पाचव्या दिवशीही फुटू शकतो. तोवर चोवीस तासांत 8 ते 12 वेळा लावा, रात्रीही. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर पहिल्या सहा तासांच्या आत हाताने चीक काढायला लागा: अंगठा आणि बोट स्तनाग्रापासून अडीच-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, सोडा. बोटे त्वचेवरून घसरू देऊ नका. थेंब चमच्यात धरा. असे चोवीस तासांत किमान आठ वेळा करा. आईचे दूध कमी पडले तर रुग्णालयात मानवी दूधपेढी (इतर आयांनी दिलेले दूध साठवणारी सोय) आहे का विचारा. मुंबईच्या शीव रुग्णालयातली पेढी 1989 पासून आहे.

दुखणे सोसत बसू नका. वेदनेने पान्हा अडतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन पाजताना चालतात, पण स्तनपान चालू आहे हे सांगूनच औषध घ्या. कोडीन, ट्रॅमाडॉल टाळायला सांगा. त्यांनी बाळ सुस्त होऊन श्वास मंदावू शकतो. गोळी पाजण्याच्या अर्धा तास आधी घेतली की बसणे सोपे जाते. भात-तुपाने टाके पिकतात, पाण्याने पोट सुटते, या भीतीने बाळंतिणीला उपाशी-तहानलेले ठेवू नका. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर द्या, पण दूध वाढते ते बाळाच्या चोखण्याने.

सलाईन खूप दिले असेल तर स्तन सुजून काळा भाग टणक होतो आणि बाळाला पकडता येत नाही. पाजण्याआधी बोटांची टोके स्तनाग्राभोवती टेकवून छातीकडे एक मिनिट स्थिर दाबा. पाणी मागे सरते, भाग मऊ होतो, लगेच बाळ लावा. त्याच सलाईनमुळे बाळाचे जन्मवजनही थोडे फुगलेले असू शकते, म्हणून पहिल्या दिवसाची घट पाहून लगेच घाबरू नका. मात्र घट 10 टक्क्यांपर्यंत गेली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. ओली दुपटी मोजा: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. बाळ दूध न पिता झोपूनच राहते, अंग पिवळे दिसते किंवा दुपटी कोरडी आहेत, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितलेच तर ते वाटी-चमच्याने द्या आणि प्रत्येक वेळी आधी छातीला लावा.