बुरशीतला जीन हवा तेव्हाच चालू करायचाय? आधी ग्लुकोज धुवा

मी ठाण्याहून रोज रबाळ्याला लॅबला जाते, तिथे प्रोजेक्टला येणारी एमएस्सीची मुलं पहिल्याच दिवशी विचारतात की सगळ्यात पॉवरफुल प्रोमोटर कुठला, आणि मी म्हणते आधी सांग, बंद किती घट्ट हवाय? प्रोमोटर म्हणजे जीनच्या पुढ्यातलं बटण, सोसायटीच्या पंपाला असतं तसं. ज्या जीनशिवाय बुरशी मरते तो अभ्यासायचा तर बंद असताना थोडासाही चालला तरी प्रयोग वाया.

संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आली की मगच सुरू करायचं.

मग आपल्या जीनच्या पुढ्यात बसवायचं बटण निवडा. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत आल्क-ए नावाचा प्रोमोटर घ्या, थ्रिओनिन (एक अमिनो आम्ल) किंवा इथेनॉलने चालू, ग्लुकोजने बंद. मी थ्रिओनिनच घेते कारण इथेनॉल उडून जातं, शेवटी फ्लास्कमध्ये किती उरलं कळतच नाही. खाणं न बदलता चालू करायचं असेल तर टेट-ऑन हा प्रोमोटर बघा, तो डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकवर चालतो.

आता मुख्य काम. ग्लुकोजच्या मीडियात, म्हणजे बुरशी वाढवायच्या द्रवात, मिलिलिटरला साधारण 10 लाख स्पोअर (बुरशीची बीजं) टाकून 37 अंशाला रात्रभर शेकरवर वाढवा, सकाळी गाळा आणि ग्लुकोज नसलेल्या मीडियाने धुवा, एकदा नाही, दोन-तीनदा, मायसेलियमचा, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचा, गोळा हाताने सुटा करून. एकदा माझा अख्खा आठवडा गेला, बटण चालूच होईना, थ्रिओनिनची बाटली बदलली तरी नाही, शेवटी कळलं की मायसेलियमच्या गोळ्यात ग्लुकोज अडकून राहत होता, आणि ग्लुकोज असला की क्रे-ए नावाचं प्रोटीन आल्क-ए दाबूनच ठेवतं, वरून थ्रिओनिन कितीही ओता.

धुतलेलं मायसेलियम तीन फ्लास्कमध्ये वाटा. एकात 0.1 टक्के ग्लिसरॉल आणि 100 मिलिमोलर थ्रिओनिन, दुसऱ्यात नुसतं ग्लिसरॉल, तिसऱ्यात 1 टक्का ग्लुकोज. सोबत मूळ स्ट्रेनचेही, म्हणजे बटण न बदललेल्या बुरशीचेही, असेच तीन, कारण खाणं बदललं की बुरशीची वाढ तशीही बदलते आणि आपण ते जीनच्या नावावर खपवतो.

नमुने 0, 2, 4, 6 तासांना घ्या, लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि आपल्या जीनचा आरएनए मोजा, जीन किती चालू आहे ते त्यावरून कळतं. शून्याचा नमुना थ्रिओनिन टाकायच्या आधीचा हं, तो चुकला तर बंद खरंच बंद होतं का हे दाखवताच येत नाही. सकाळी 10 ला सुरू केलं तर शेवटचा नमुना 4 ला होतो आणि गर्दी व्हायच्या आत ठाण्याची गाडी मिळते.