इंदूरहून एका दिवसात मांधाता बेटाची प्रदक्षिणा

ओंकारेश्वरला जायचं, रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं आणि तसंच परत फिरायचं, हा आपल्याकडचा रिवाज. पण ज्या मांधाता बेटावर हे ज्योतिर्लिंग आहे, ते पाहायचं तर प्रदक्षिणाच घालावी. वाट जेमतेम ७ किलोमीटरची, देवळं पाहत चाललं तर अर्धा दिवस जातो.

पहाटेच निघा. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का असे सुमारे ८० किलोमीटर होतात. घाट उतरला की निमाड, आणि निमाडचं ऊन माळव्यासारखं सोसत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा. श्रावणी सोमवारी मात्र नकोच. सोबत पाणी आणि दशम्या-चटणी असू द्या.

आधी दक्षिण तीरावरचं ममलेश्वर करा. काठावर परिक्रमावासी भेटले तर ‘नर्मदे हर’ म्हणा. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे समोर दिसणाऱ्या बेटावर त्यांना पाऊल ठेवता येत नाही.

मग पुलावरून बेटावर या. दर्शन झालं की बेट उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालू लागा. टोकाला नर्मदा-कावेरी संगम लागतो (ही कावेरी इथलीच, दक्षिणेतली नव्हे). तिथून चढ सुरू होतो. दम लागतो, ज्येष्ठांनी बसत बसत यावं. वर गौरी सोमनाथ आहे. गाभाऱ्यातलं काळंभोर, गुळगुळीत लिंग माणसाएवढं उंच आहे.

पुढे सिद्धनाथ. इथे मात्र घाई नको. जोत्याभोवतीच्या शिळांवर हत्ती कोरलेत, प्रत्येकाची ढब निराळी. देऊळ भग्न असलं तरी त्या हत्तींचं वजन अजून जाणवतं. एक पूर्ण फेरी फक्त त्यांच्यासाठी मारा, मुलं तर तिथून हलणार नाहीत. आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळाही बेटावरच आहे, २०२३ साली उभा राहिलेला.

उतरल्यावर स्नान करणार असाल तर घाटावरच्या साखळ्यांच्या आतच करा. वर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी झपाट्यानं चढते. नावेत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या.

पुढच्या रविवारी महेश्वर. अहिल्याबाईंच्या घाटावरून नाव केली की नदीच्या मधोमध खडकावर उभं असलेलं बाणेश्वराचं छोटं देऊळ गाठता येतं.