गिअर अडकतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, की निष्कर्ष ठरलेला: गिअरबॉक्स गेला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मॅन्युअल गाडीत तो उतरवायचा म्हणजे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे दांडे) काढा, माउंटिंग सोडा, काही मॉडेलमध्ये खालची सबफ्रेमही (इंजिनखालची चौकट) उतरवा. एवढा खटाटोप करण्याआधी दोष गिअरबॉक्सच्या आत आहे की बाहेर, हे दहा मिनिटांत कळू शकतं. ती तपासणी न करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा अडला तर गाडी वीतभर पुढेमागे ढकलून पुन्हा बघा. आतले दात समोरासमोर आले की तसं होतं, तो दोष नव्हे. आता इंजिन सुरू करून तेच करा. बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. केबल ताणली असेल, किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल, नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) वा स्लेव्ह सिलिंडर (क्लचकडचा) आतून गळत असेल. दोन्ही वेळा अडतात आणि लिव्हर ढिला लागतो, तर गिअर केबल आणि तिचे बुश बघा. हे सगळं गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं. बाकी गिअर नीट पडतात आणि एकच, बहुतेकदा दुसरा, खरखरतो, तेव्हा मात्र त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजलेली असते आणि गिअरबॉक्स उघडावाच लागतो. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

आवाजही पत्ता सांगतो, पण घाईत तो कुणी नीट ऐकत नाही. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट बघा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं सापडेल.

तेलाच्या चुका

डब्यावरचा 75डब्ल्यू-90 हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा बघून तेल घेतलं जातं आणि त्याशेजारचं जीएल-4 की जीएल-5, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा, हे वाचलंच जात नाही. जीएल-5 मध्ये जड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. त्यातली काही पितळी सिंक्रो रिंगला खातात. शिवाय रिंगने गिअरच्या कोनला (निमुळत्या भागाला) घासून पकडायचं असतं. तेल जास्त निसरडं झालं की ती पकड सुटते आणि नवं तेल घालूनही गिअर जड पडतात. गाडीच्या पुस्तकात जीएल-4 लिहिलंय तर जीएल-4 च भरा. इंजिन ऑइल तर कंपनीने सांगितल्याशिवाय नकोच.

ड्रेन बोल्ट आधी उघडू नका. आधी वरचा फिलर बोल्ट सैल होतो का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल सांडून मोकळे झालात, तर नवं भरायला वाटच राहत नाही. काही किलोमीटर चालवून तेल कोमट करा, गाडी पिटवर किंवा लिफ्टवर पूर्ण सपाट घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. चुंबक असलेल्या ड्रेन बोल्टवर राखाडी, मऊ लेप दिसणं नेहमीचं. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर नुसतं तेल बदलून भागणार नाही. वॉशर नवा घाला आणि बोल्ट बेताने आवळा. केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, आटे जायला वेळ लागत नाही. छोट्या गाड्यांना साधारण दोन लिटर तेल लागतं, पण बहुतेक ठिकाणी खरं माप फिलरच्या भोकाचंच: तेल त्याच्या काठावरून ओघळू लागलं की थांबा. गाडी एका बाजूने जॅकवर असेल तर हे माप खोटं ठरतं.

क्लचच्या चुका

क्लच घसरतो का, हे बघायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर घसरतोय. कसारा किंवा खंबाटकीच्या घाटात गाडी अर्ध्या क्लचवर रोखून धरण्याची सवय क्लचची प्लेट जाळते. तिथे हँडब्रेकच वापरा. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत आतला क्लच तसाच असतो, त्यामुळे चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं तितकंच वाईट.

फक्त प्लेट बदलून पैसे वाचवू नका. मजुरी तीच लागते, म्हणून प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंगही सोबत बदला. जुनी प्लेट तेलकट निघाली तर नवी बसवण्याआधी तेल कुठून आलं ते शोधा: पातळ आणि काळं असेल तर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून, घट्ट आणि गंधकाचा उग्र वास असलेलं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधून. सील न बदलता नवी प्लेट घातली तर तीही लवकरच तेलात भिजेल.

बसवताना प्लेट सेंटरिंग टूलने मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्स आत सरकत नसेल तर बोल्टने ओढून आणू नका. त्याने केसिंगला तडा जातो किंवा प्लेटचा हब वाकतो. आणि बसेपर्यंत त्याचा भार इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, खाली जॅक हवाच.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन सगळे तपासतात, गिअरबॉक्स विसरतात. वरच्या ब्रीदरमधून (हवा ये-जा करणाऱ्या भोकातून) पाणी आत जातं. ड्रेन बोल्ट जरासा सैल करा. पाणी जड, म्हणून आधी तेच निघेल. ढवळलं गेलं असेल तर तेल दुधाळ दिसेल. ते सगळं काढा, योग्य ग्रेडचं तेल भरा, थोडं चालवून तेही काढा आणि पुन्हा नवं भरा.